प्लॉट सगळ्यात शेवटी

तालुक्याच्या गावाबाहेर कुठल्याही दिशेने निघा, उसाच्या किंवा ज्वारीच्या रानात मध्येच चुन्याने रंगवलेले दगड रांगेने उभे दिसतात आणि शेजारी फलक असतो: 'एनए प्लॉट, बुकिंग चालू'. त्या दगडांच्या जागा कोणी ठरवल्या? लोकांना वाटतं, नगररचना खात्याच्या एखाद्या साहेबाने. खातं आराखडा तपासतं, दुरुस्त्या सुचवतं, मंजुरी देतं. पण कोऱ्या गटावर पहिली रेघ बहुतेक वेळा मारतो तो एखाद्या खासगी मोजणीवाल्याच्या किंवा इंजिनिअरच्या ऑफिसात ऑटोकॅडसमोर बसलेला विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी. त्या रेघेवर पुढे घरं उभी राहतात, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद होतात, पावसाळ्यात पाणी तुंबतं किंवा निघून जातं. आणि मोजायला जेवढं मन लावून शिकवलं जातं, त्याच्या पासंगालाही आखायचं शिक्षण पुरत नाही.

म्हणून हा वाद इथे मांडतो आहे. बोलणारे दोघे मामा-भाची. मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. भाची आयटीआयच्या सर्व्हेअर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला. तिला प्रकल्प मिळालाय तो दोन हेक्टरांच्या गटावर निवासी लेआउट काढण्याचा. मामांच्या मते हे सर्व्हेअरचं कामच नव्हे. भाचीच्या मते याहून मोठं काम सर्व्हेअरच्या हाती दुसरं येत नाही. मी मध्ये बोललो आहे, आणि जिथे मत दिलं आहे तिथे ते ठामपणे दिलं आहे.

मामा: तुला स्पष्टच सांगतो. जमीन आहे तशी कागदावर आणायची आणि कागदावर आहे तशी जमिनीवर दाखवायची, एवढंच आपलं काम. त्यात स्वतःची मर्जी घालायची नाही. रस्ता कुठे असावा, बाग कुठे असावी, यात तू शिरलीस की तू मोजणीदार राहिली नाहीस. मग उद्या कोर्टात उभी राहिलीस तर वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की तुम्ही मोजलंत की ठरवलंत?

भाची: पण मामा, प्रकल्पच लेआउटचा आहे. रस्ता कुठे जाणार हे मलाच ठरवायचंय. आणि उद्या नोकरी लागली तरी तेच करायला लावणार आहेत.

मामा: मग नियमावली उघड. २०२० सालापासून मुंबई आणि आणखी थोडे भाग सोडले तर राज्यभर एकच नियमावली आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर दहा टक्के खुली जागा सोड. अंतर्गत रस्ता जितका लांब तितका रुंद धर: ९ मीटर, मग १२, मग १५. रस्ते मिळतात तिथला कोपरा छाट. उरलेल्याचे प्लॉट पाड. यात डिझाइन कुठे आलं? शाळेतला क्षेत्रफळाचा हिशेब आहे हा.

भाची: तो हिशेब मी केलाय. गट शंभर मीटर रुंद, दोनशे मीटर खोल. दक्षिणेला गावचा रस्ता. बारा मीटरचे दोन रस्ते उत्तर-दक्षिण सरळ नेले, त्यांच्या दोन्ही अंगांना एकोणीस मीटर खोलीच्या चार रांगा. दर्शनी आठ मीटर, म्हणजे एक प्लॉट १५२ चौरस मीटरचा. कडेच्या दोन रांगांत पंचवीस-पंचवीस, मधल्या दोन रांगांत अठरा-अठरा, आणि मधल्या पट्ट्याच्या उत्तर टोकाला खुली जागा. ८६ प्लॉट बसतात. रस्ते ४,८०० चौरस मीटर, खुली जागा २,१२८, प्लॉट १३,०७२. बेरीज बरोबर वीस हजार.

मामा: मग झालं की! क्षेत्राचा तक्ता मांड, उत्तर दिशेचा बाण काढ, शीट जमा कर.

भाची: ८६ बसतात हे पहिल्याच बैठकीत कळलं. त्यातले किती राहण्याजोगे आहेत ते अजून कळत नाहीये.

मामा: राहण्याजोगे म्हणजे?

भाची: गट उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो, टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरचा फरक आहे. आणि मधून एक ओघळ जातो. गट नकाशात तो नाही, सातबाऱ्यावर नाही. कंटूर (समान उंचीच्या रेघा) काढले तेव्हा प्रत्येक रेघ एकाच ओळीत वरच्या अंगाला वळलेली दिसली, म्हणून तिथे जाऊन उभी राहिले. तिथली माती जास्त काळी, भेगा हात जाईल एवढ्या. आणि खाली गावच्या रस्त्याला बरोबर त्याच रेषेत एक जुनी मोरी आहे.

मामा: शेतकरी दरवर्षी नांगर घालतो, ओघळ बुजून जातो. नांगरलेला ओघळ मोजणीत येत नाही.

भाची: रस्ता बांधणाऱ्याला तो माहीत होता, म्हणूनच त्याने तिथे मोरी ठेवली. ८६ प्लॉटांच्या आराखड्यात तो ओघळ मधल्या दोन रांगांच्या पाठीमागच्या रेघेवरून जातोय.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण मुलीने बोट ठेवलंय ती जागा लेआउटच्या सगळ्या विद्येतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे आणि ती कुठल्याही शीटवर लाल रंगाने दाखवलेली नसते.

दोन रांगांचे प्लॉट पाठीला पाठ लावून असतात. दोन्हीकडचे मालक आपापल्या हद्दीवर कुंपणाची भिंत घालतात. घर बांधताना प्रत्येकजण चार ट्रॉल्या मुरूम टाकून आपलं जोतं शेजाऱ्याहून वर उचलतो. दरवर्षी एकेक घर होत जातं, आणि ज्या रेषेवरून पूर्वी पाणी जात होतं तिथे दहा-बारा वर्षांत वीस-पंचवीस आडव्या-उभ्या भिंती येतात. आता पाऊस पडला की पाणी कोणाच्या तरी मागच्या अंगणात अडतं. नगरपरिषदेकडे तक्रार करावी तर ती म्हणते, खासगी हद्द आहे, आम्हाला आत येता येत नाही. शेजाऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, माझ्या प्लॉटच्या नकाशात नाला कुठे आहे दाखवा. आणि त्याचं खरं असतं, नकाशात नाला नसतोच. काळ्या मातीच्या सखल भागात हे दुखणं सगळ्यांत वाईट. सांगलीच्या शामरावनगरसारख्या गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीवरच्या, वस्त्यांत पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. तिथे जमीन कापली गेली तेव्हा पाण्याचा विचार कोणीच केला नव्हता.

तोच ओघळ रस्त्याच्या कडेने नेला तर? मग तो सार्वजनिक होतो. त्याला गटार बांधता येतं, गाळ काढायला माणूस जाऊ शकतो, तुंबला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. जमिनीची सर्वांत सखल रेघ रस्त्यावर किंवा खुल्या जागेत यायला हवी, दोन खासगी प्लॉटांच्या मधोमध कधीही नको. हे एक वाक्य सर्व्हेइंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कंटूर काढायला शिकतो त्याच आठवड्यात शिकायला हवं. कंटूर काढायचे कशासाठी, हे त्याशिवाय कळतच नाही.

मामा: ठीक आहे. ओघळ पाहिलास, चांगलं केलंस. आता मला सांग, तुझे शंभर बाय दोनशे आले कुठून?

भाची: आम्ही टोटल स्टेशन लावून चारही कोपरे घेतले. ट्रॅव्हर्स व्यवस्थित बंद झाला. आतल्या कोनांची बेरीज ३६० अंशांपासून काही सेकंदच सरकली.

मामा: कोपरे म्हणून कशाला धरलंस?

भाची: बांधाच्या टोकांना.

मामा: इथेच घोळ आहे, पोरी. बांध म्हणजे वहिवाट. हद्द ती नकाशातली. बांध नांगराच्या फाळाने दरवर्षी बोटभर सरकतो, आणि सरकतो तो नेहमी गरीब शेजाऱ्याच्या बाजूला. तुझा ट्रॅव्हर्स बंद झाला याचा अर्थ एवढाच, की चार चुकीचे कोपरे तू अगदी अचूक मोजलेस.

भाची: मग कोपरा शोधायचा कसा?

मामा: टिपणाची नक्कल काढायची. इंग्रजांच्या मोजणीत तेहतीस फुटांची साखळी असायची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. जुन्या टिपणात मापं साखळी-आण्यांतच लिहिलेली आहेत. ती मीटरमध्ये आणायची, आसपासच्या पक्क्या खुणा धरायच्या, विहीर, तिवढ्याचा म्हणजे तीन हद्दी मिळतात तिथला दगड, जे सापडेल ते. तिथून माप ओढायचं आणि जिथे टोक येईल तिथे पहार मारायची. वीतभर खाली कधी दगड लागतो, कधी बाभळीच्या मुळीत अडकलेला असतो, कधी कोणीतरी उपटून गोठ्याच्या पायरीला लावलेला असतो. दगड लागला की पुढचं काम यंत्राचं. त्याआधी यंत्र उघडूच नये.

भाची: आणि नाही लागला तर?

मामा: तर रीतसर मोजणी मागवायची, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्यायच्या, त्यांच्यासमोर हद्द कायम होऊन मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली की मग आखणीला हात घालायचा. आता ऐक. समज तुझी पश्चिमेची हद्द दोनशे नसून १९९.४० निघाली. कडेच्या रांगेत आठ-आठ मीटरचे पंचवीस प्लॉट आहेत, बरोबर दोनशे. साठ सेंटिमीटर कुठून आणणार?

भाची: प्रत्येक प्लॉटमधून थोडं थोडं कमी करावं लागेल.

मामा: कागदावर तू तसं करशील. जागेवर मुकादम दक्षिणेकडून टेप धरून आठ-आठ मीटरला खुंट्या मारत निघतो. चोविसावी खुंटी मारून झाली की उरलं ७.४० मीटर. शेवटच्या प्लॉटवाल्याच्या खरेदीखतात आठ लिहिलंय. तो बिचारा घर बांधायला पाया खणतो आणि उत्तरेचा शेतकरी येऊन उभा राहतो. मी नोकरीभर असले वाद पाहिलेत. रांगेतली सगळी तूट शेवटच्या प्लॉटवर येते, आणि शेवटचा प्लॉट बहुतेक वेळा ज्याला पुढचा परवडला नाही त्यानेच घेतलेला असतो. तू पाण्याचं सांगतेस ते खरं असेल, पण पाणी वर्षातून चार महिने. हद्दीचं भांडण बारा महिने, दोन पिढ्या.

मामांचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि डिझाइनच्या ओढीने सर्व्हेइंगकडे येणाऱ्या मुलांनी ते मुकाट्याने ऐकावं असं वाटतं. नकाशावर सुंदर वळणारा रस्ता जर चुकीच्या कोपऱ्यापासून सुरू झाला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे सगळे प्लॉट चुकीच्या जागी बसतात. तात्पुरती मंजुरी, मग जागेवर आखणी, मग त्या आखणीची मोजणी आणि त्यानंतर अंतिम मंजुरी, असा जो क्रम आहे तो याच भीतीपोटी. आखणी एकाच टोकाकडून टेप ओढत न करता, नियंत्रण बिंदू आधी कायम करून प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे बसवायचा, म्हणजे चूक पुढे पुढे ढकलली जात नाही, हेही मामांच्या तोंडून ऐकलं तर मुलांच्या जास्त ध्यानात राहील.

पण हद्द पक्की झाली म्हणजे सर्व्हेअरचं काम संपलं, हे मात्र मला मान्य नाही. भाचीलाही नाही.

भाची: समजा हद्द कायम झाली, बरोबर शंभर बाय दोनशे निघाली. पुढे काय? मी दुसरा आराखडा केलाय, बघा. ओघळ जिथे पसरतो तिथे खुली जागा घेतली. आधी मी ओघळाच्या दोन्ही काठांनी बारा मीटर रुंदीची लांबलचक पट्टी सोडली होती. सरांनी परत दिली. खुली जागा अरुंद असेल तर तिची लांबी रुंदीच्या अडीच पटीहून जास्त चालत नाही. मग तीस मीटर बाय सदुसष्ट केली. २,०१० चौरस मीटर झाली, प्रमाणात बसली. उरलेल्या लांबीत एक रस्ता थोडा सरकवून ओघळाच्या रेषेवर आणला आणि त्याच्या कडेने गटार थेट मोरीपर्यंत नेलं.

मामा: प्लॉट किती?

भाची: ८०.

मामा: म्हणजे सहा गेले. सहा गुणिले १५२, नऊशे बारा चौरस मीटर. नऊ गुंठे. उद्या नोकरीत मालकाला नऊ गुंठे सोडा म्हणून तू सांगणार? तो दुसऱ्या ऑफिसात जाईल आणि ८६ काढून आणेल. तुझ्या साहेबाने पैसे घेतलेले असतील ते प्लॉटच्या संख्येसाठी.

भाची: ते सहा प्लॉट मालकाचे गेले नाहीत, मामा. ८६ मध्ये ते ओघळावरच होते. कोणीतरी ते विकत घेतले असते, आयुष्याची पुंजी घालून. माहीत असलेला माणूस घेणारच नाही, म्हणजे माहीत नसलेल्यालाच गळ्यात मारायचे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाकडे, नोंदणी करावी लागते, त्यामुळे मालकी आणि मंजुरी लोकांना बघता येते. पण गट नकाशातच नसलेला ओघळ तिथे कसा दिसणार? तो फक्त मला दिसला, कारण मी तिथे लेव्हल लावून उभी होते.

मामा: आणि तिरका रस्ता घेतलास तर प्लॉट वेडेवाकडे होणार. पुढे रुंद, मागे अरुंद झाले तर व्याघ्रमुखी. राहायला कोणी घेत नाही. लोकांना गोमुखी हवा. दक्षिणमुखी नको. आधी पूर्व, मग उत्तर. बुकिंगला येणारा माणूस पहिल्यांदा होकायंत्र काढतो.

भाची: ते मी बघितलंय. रस्ते उत्तर-दक्षिणच ठेवलेत, म्हणून प्लॉट पूर्वमुखी आणि पश्चिममुखीच झाले. आणि उतारही उत्तर-दक्षिण आहे, दोनशे मीटरला दोन मीटर, म्हणजे शंभराला एक. गटारालाही तो उतार चांगला. इथे लोकांची वास्तू आणि पाण्याचा उतार एकाच बाजूचे निघाले. रस्ता जिथे वळतो तिथे चारच प्लॉट तिरके होतात. त्यांना मी रुंद बाजू मागे दिली, थोडे मोठे केले.

मामा: हं. गोमुखी केलेस. हे बरं सुचलं.

भाची: पण मामा, मला खरी अडचण पूर्वेच्या हद्दीशी येतेय. तिकडचा गट तीन भावांनी वाटून घेतलाय. प्रत्येकाला रस्त्याचं तोंड हवं, म्हणून तेहतीस-तेहतीस मीटरच्या तीन लांब पट्ट्या. उद्या प्रत्येकजण आपापल्या पट्टीत स्वतंत्र लेआउट करणार. प्रत्येक पट्टीत एक रस्ता, पुढे बंद. मी माझ्या लेआउटमधून पूर्वेच्या हद्दीपर्यंत एक आडवा रस्ता नेऊन मोकळा ठेवावा म्हणते, म्हणजे पुढे तो जोडता येईल.

मामा: आणि शेजारी त्या टोकाला भिंत घालेल. घालणारच. तुझ्या रस्त्यावरून त्याचं गिऱ्हाईक येणार असेल तर तुझा मालक घालेल. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय, की नकाशावर जोडलेले आणि जागेवर भिंतीने तोडलेले रस्ते मोजायचे म्हटले तर वेगळं खातं काढावं लागेल. एकेका गटाच्या लेआउटने गाव तयार होत नाही. गाव करायचं तर सगळे गट एकत्र घ्यावे लागतात.

भाची: म्हणजे नगररचना परियोजना.

मामा: हो. ती माहितीये तुला?

भाची: १९१५ चा मुंबई इलाख्याचा कायदा, देशातला पहिला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळेची जागा काढून घ्यायची आणि प्रत्येकाला चौकोनी अंतिम भूखंड परत द्यायचा, क्षेत्र कमी पण किंमत जास्त. आता १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तीच तरतूद आहे. पुण्याजवळ माण-म्हाळुंग्याला अशी योजना घेतलीये. पण तालुक्याच्या गावाबाहेरच्या दोन हेक्टरांसाठी ती कोण करणार?

मामा: कोणी नाही. म्हणूनच म्हणतो, आपल्या हातात नाही ते अंगावर घेऊ नकोस.

दोघांच्या बोलण्यात इथे जो पेच पडतो तो खरा आहे. एका गटाचा लेआउट कितीही चांगला काढला तरी शेजारचा गट त्याचं वाटोळं करू शकतो. तरीही मला भाचीच्या आडव्या रस्त्याच्या बाजूने उभं राहायचं आहे, आणि त्याला कारण आहे.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ ला सुधार न्यास स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रस्ते आखले गेले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्या आखणीतलं. तिथल्या कितीतरी इमारती पाडून नव्या उभ्या राहिल्या, राहत आहेत. रस्ते आणि बागा मात्र तिथेच आहेत. पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्या बघा. बंगले जाऊन अपार्टमेंट आले, माणसं बदलली, गल्ल्यांच्या रेघा बदलल्या नाहीत. घर पाडता येतं, पाइप बदलता येतो, विजेची तार जमिनीखाली नेता येते. रस्त्याची आणि प्लॉटची रेघ एकदा खरेदीखतांत उतरली की ती हलवायला शेकडो सह्या लागतात, म्हणजे ती हलत नाही. म्हणून टोकाला भिंत पडली तरी रस्त्याची पट्टी नकाशात सार्वजनिक राहिलेली असेल, तर पुढे कधीतरी ती भिंत पाडायची सोय राहते. ती पट्टीच न ठेवता तिथे प्लॉट विकला तर ती सोय कायमची जाते. बारा मीटरच्या तुकड्याने मालकाचा एखाद-दुसरा प्लॉट जाईल. तो जाऊ द्यावा असं माझं मत आहे.

भाची: मामा, नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत मी अभ्यासाला घेतली होती. आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात तिला. १९८३ ते ८६. आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, भोवती सात घरं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे माझ्या प्लॉटच्या अर्ध्याहूनही लहान. कोणाची भिंत कोणाला सामाईक नाही, म्हणून ज्याला जसं वाढवायचं तसं वाढवता आलं. लोकांनी घरं पार बदलून टाकलीत, पण ते अंगण टिकलंय. आणि इंदूरला वास्तुविशारद दोशींनी अरण्य वसाहतीत साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट आखले. गरिबांचा सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटर, त्याला जोतं आणि संडास-मोरीची सोय करून दिली, घर ज्याने त्याने बांधलं.

मामा: ते मोठे लोक. सरकारची जमीन, सरकारचा पैसा. इथे तीन भाऊ, एक मध्यस्थ आणि एक घाईला आलेला बिल्डर. कोरियांना कोणी विचारलं नाही की नऊ गुंठे कुठे गेले.

भाची: पण त्यांचाही आराखडा कोणीतरी मोजून दिलेल्या जमिनीवरच उभा राहिला ना? १९१५ च्या सुमारास नगररचनाकार पॅट्रिक गेडीस मुंबई इलाख्यातली गावं पायी हिंडत होता. माणूस मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा सगळा आग्रह एकच, आधी पाहणी, मग आराखडा. पाहणी एकाची आणि आराखडा दुसऱ्याचा, अशी वाटणी त्याने केली नव्हती. ती आपण केलीये. मोजणारा मोजून निघून जातो, आखणारा जागेवर येतच नाही. ओघळ दोघांच्या मधून निसटतो.

मामा: मग तू भूकरमापकाची परीक्षा देणार नाहीस म्हण.

भाची: देणार आहे. आयटीआय सर्व्हेअरला ती देता येते, आणि टिपण वाचायला मला तुमच्याकडूनच शिकायचंय. पण मोजताना पाणी दिसलं तर मी ते लिहून ठेवणार. मोजणीच्या नकाशात रकाना नसला तरी.

वर्गात लेआउटचा सराव देताना बहुतेक वेळा एक सपाट, आयताकृती आणि एकटा गट दिला जातो. फळ्यावर काढायला सोपा, तपासायला सोपा. त्यात जास्तीत जास्त प्लॉट बसवणाऱ्याला जास्तीत जास्त गुण. असा गट महाराष्ट्रात कुठे असेल तर मला पाहायचा आहे. त्याऐवजी मुलांना गावाबाहेरचा खरा तुकडा द्यावा, वाकड्या बांधांचा, मोरी असलेला, शेजाऱ्याशी वाद असलेला. आधी हद्द कायम करायला लावावी. मग पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते रंगवून घ्यावं. मग रस्ते, तेही शेजारच्या गटांत कुठे जोडता येतील हे दाखवून. मग खुली जागा, आणि ती एखाद्या कोपऱ्यात उरलेल्या त्रिकोणात नको, जिथे पाणी आणि माणसं दोन्ही येतात तिथे हवी. प्लॉट सगळ्यात शेवटी पाडायला सांगावेत. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला पुन्हा सामावून घ्यावं लागलं, ते प्लॉट सगळ्यात आधी पाडले गेले म्हणून. रस्ता, पाणी, बाग यांचा विचार नंतर कोणीतरी करेल, असं म्हणून जमिनी गुंठा-गुंठा विकल्या गेल्या. नंतर करायला जागाच उरली नव्हती.

मामा मात्र या सगळ्यावर एवढ्या लवकर मान डोलावणारे नव्हते. त्यांनी भाचीचं शीट पुढ्यात ओढलं आणि चष्मा वर करून उत्तरेच्या हद्दीवर बोट ठेवलं.

मामा: ओघळ इथून आत येतो ना? मग हद्दीच्या पलीकडचे कंटूर कुठे आहेत?

भाची: घेतले नाहीत. प्रकल्प गटापुरताच आहे.

मामा: आणि गटार किती रुंद धरलंस?

भाची: साठ सेंटिमीटर. अंदाजाने.

मामा: अंदाजाने! वर किती रान या ओघळात उतरतं ते न बघता? एवढं पाण्याचं व्याख्यान दिलंस मला. वरचा गट दहा हेक्टरांचा असेल तर तुझं साठ सेंटिमीटरचं गटार पहिल्या वळवाला भरून रस्त्यावर येईल. रविवारी चल. वरच्या मालकाला मी ओळखतो, आत जाऊ देईल. लेव्हल तू लाव, पट्टी मी धरतो. वर जिथून पाणी फुटतं त्या कडेपर्यंत जाऊ. आणि टिपणाची नक्कल बरोबर घे. त्याची दक्षिण हद्द तीच तुझी उत्तर हद्द आहे, जाता जाता तो दगडही बघून टाकू.

भाची: चालेल. आणि मामा, त्या गटाचंही प्लॉटिंग होणार म्हणतात. त्यांचा रस्ता कुठे उतरवणार आहेत तेही मालकाला विचारून घेऊ. मी माझा त्यासमोर आणते.